वाचक विचारतात: सुट्टीतली दुपार कशी काढायची?

प्रश्न: आम्ही दोघंही नोकरी करतो. सुट्टीत ९ वर्षांची मुलगी आणि ५ वर्षांचा मुलगा सासूबाईंजवळ असतात. त्यांचे गुडघे दुखतात. सकाळ कशीबशी जाते, पण दुपारी मोबाइल नाहीतर मारामारी. शिबिरांची फी परवडत नाही. काय करावं?
– एक आई, डोंबिवली

उत्तर: दिवसभराचं वेळापत्रक भिंतीवर चिकटवू नका. ते पाळून घेण्याचं काम सासूबाईंच्या गळ्यात पडतं आणि चार दिवसांत त्याचा फज्जा उडतो. फक्त दुपारी १२ ते ५ एवढाच वेळ बांधून घ्या. सकाळी साडेनऊपर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतर मुलं खाली खेळू देत.

मोबाइल पूर्ण बंद करायचा हट्ट धरू नका, तो निभत नाही. त्याचा एकच तास ठरवा आणि तो सासूबाईंच्या विश्रांतीचा असू द्या, म्हणजे जेवणं आटोपल्यावर दीड ते अडीच. ५ वर्षांच्या मुलाला दिवसाला एका तासाहून जास्त स्क्रीन नको, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. दोघं एकत्रच बघणार, म्हणून मुलीलाही तेवढाच ठेवा. शक्यतो टीव्हीवर दाखवा. मोबाइल एकाच्या हातात गेला की भांडण ठरलेलं. पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. "दहा मिनिटं राहिली" याला पाच वर्षांच्या मुलाच्या लेखी काही अर्थ नसतो. "हा भाग संपला की बंद" हे त्याला कळतं. अर्ध्यात बंद केलं की मात्र आकांत होतो, आणि तो रास्तही असतो.

मारामारीचं बरंचसं कारण वयातल्या अंतरात आहे. दोघांच्या खेळात धाकटा सतत हरतो, मग डाव उधळतो. आजी तिसरी भिडू झाली की चित्र बदलतं. पाच-तीन-दोन अजून त्याच्या आवाक्याबाहेर आहे, पण बदाम सात जमेल, कारण त्यात आकडा आणि चित्र ओळखलं की झालं. ५२ पानं तिघांत वाटली की १७-१७ येतात आणि एक उरतं. ते आजीनं घ्यावं, कारण ज्याची पानं आधी संपतात तो जिंकतो. इतकी पानं धाकट्याच्या मुठीत मावत नाहीत, सांडतात, इतरांना दिसतात आणि तो चिडतो. त्याच्यासमोर बुटाचं खोकं आडवं ठेवा आणि त्यामागे पानं मांडू द्या.

एक गोष्ट आजच करा. सासूबाईंच्या बीपीच्या, साखरेच्या गोळ्या उशाशी किंवा टेबलावर असतील तर कुलपात ठेवा. त्यातली एखादी गोळीसुद्धा लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते. गॅलरीच्या कठड्याजवळचं स्टूल, कुंड्या, खुर्च्याही आत घ्या.

प्रश्न: ११ वर्षांचा मुलगा तासातासाला "कंटाळा आला" म्हणतो. काही सुचवलं की नाक मुरडतो.
– एक बाबा, सातारा

उत्तर: सुचवणं थांबवा, त्याला खरं काम द्या. बटाट्याचा कीस करा. २ किलो जुने, घट्ट बटाटे घ्या. शीतगृहातले गोडसर असतात, तळल्यावर लाल पडतात. सोलून थेट पाण्यात किसा, नाहीतर काळे पडतात. शेवटचा तुकडा बोटांवर येतो, तेवढं किसणं तुम्ही करा. मग पाणी नितळ दिसेपर्यंत तीन-चारदा धुणं मुलाचं काम. ते अर्धवट झालं तर पिठूळपणा राहून कीस गोळा होतो. उकळत्या, मीठ घातलेल्या पाण्यात दोन-तीन मिनिटं मोठ्यांनी शिजवावा. बोटानं दाबल्यावर मऊ लागला पण मोडला नाही, की काढा. निथळल्यावर सकाळीच गच्चीवर स्वच्छ कापडावर विरळ पसरायचा, संध्याकाळी आत आणायचा. हे दोन्ही त्याच्याकडे, पण पसरणं दहाच्या आत आणि डोक्याला टोपी. कडक उन्हात दोन-तीन दिवस लागतात. चुरडल्यावर कटकन मोडला तरच डब्यात भरा. दमट राहिला तर पावसाळ्यात बुरशी धरतो.