टॅबची वाढीव वॉरंटी: आधी अटींचा कागद मागा

निपाणीच्या एका वाचकांनी मुलीच्या अभ्यासासाठी कोल्हापुरातून 24 हजारांचा टॅब घेतला. दुकानदार 2,999 रुपयांत ‘दोन वर्षांची वाढीव वॉरंटी’ घ्या म्हणतोय. त्यासाठी बिलापासून 30 दिवसांची मुदत आहे आणि त्यातले 19 दिवस गेलेत. घ्यावी का, असं ते विचारतात. दुसरा प्रश्न जुना आहे. 2022 मध्ये त्यांच्या फोनची स्क्रीन फुटली, अशीच वॉरंटी घेतलेली असूनही सर्व्हिस सेंटरनं हात हलवत परत पाठवलं. त्याचं आता काही होईल का?

खानापूर, चिकोडीकडूनही असे प्रश्न येत असतात, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमच्या पत्रात टॅबचं मॉडेल आहे, किंमत आहे, दुकानदार काय काय बोलला तेही आहे. योजनेच्या अटींचा कागद मात्र तुम्ही पाहिलेलाच नाही. फोनच्या वेळीही पाहिला नव्हता, हे तुम्हीच कळवलंय. एकदा हात पोळून घेतल्यावर परत तीच चूक करताय, म्हणून जरा कडक बोलतो. अख्खा निर्णय त्या कागदातल्या एका कलमावर आहे: योजनेत काय येत नाही, ते सांगणारं कलम. बहुधा ते मागच्या बाजूला, बारीक इंग्रजी अक्षरांत असतं.

त्यात ‘फिजिकल डॅमेज’ आणि ‘लिक्विड डॅमेज’ वगळलेलं असेल, तर पडून फुटलेली काच किंवा पाणी जाऊन बंद पडलेला टॅब यांचा एक रुपयाही मिळणार नाही. वस्तू मुळात सदोष निघाली तर दुरुस्त करून देऊ, एवढंच वॉरंटी सांगते. हातून पडून झालेलं नुकसान हा विम्याचा विषय. दुकानात दोन्ही गोष्टी ‘सगळं कव्हर आहे’ या एकाच वाक्यात विकल्या जातात. तुमच्या फोनचं तेच झालं. स्क्रीन फुटली आणि हातात कागद होता तो आतल्या बिघाडाचा. आता सांगा, मुलीच्या दप्तरातून रोज क्लासला जाणाऱ्या टॅबला खरी भीती कशाची?

बॅटरीचंही बघा. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी तीच उतरते आणि झिजणारा भाग म्हणून पुष्कळ योजना तिला बाहेर ठेवतात. शिवाय ‘दोन वर्षं’ कधीपासून मोजायची? कंपनीचं पहिलं वर्ष त्यातच धरलेलं असेल, तर तुम्ही 2,999 रुपये एकाच वर्षासाठी मोजताय, म्हणजे टॅबच्या किमतीचा आठवा हिस्सा.

सही केल्यावर किंवा ओटीपी सांगितल्यावर हे कलम अन्यायकारक आहे म्हणून भांडता येतं का? ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये अन्यायकारक कराराविरुद्ध तक्रारीची सोय आहे. पण ती तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात चालत नाही, राज्य ग्राहक आयोगाकडे न्यावी लागते. तीन हजारांसाठी ती वाट मी कुणालाच दाखवणार नाही. म्हणून जे काय पाहायचं ते पैसे देण्याआधी.

उरलेल्या 11 दिवसांत दुकानदाराला व्हॉट्सॲपवर लिहून विचारा: पडून फुटलं तर मिळेल का, बॅटरी येते का, मुदत कुठल्या तारखेपासून, आणि हमी देणारी कंपनी कोणती. सोबत अटींचा पूर्ण कागद मागा. उत्तर आलं तर तो संदेश पुसू नका. टाळाटाळ झाली तर घेऊ नका. फुटणं वगळलेलं असेल तरीही, माझ्या मते, घेऊ नका. त्यातल्या थोड्या पैशांत चांगलं कव्हर आणि काच बसवून घ्या. फुटण्याचा वेगळा विमा मिळत असेल तर विचार करायला हरकत नाही. तिथं नुकसान किती तासांत कळवायचं आणि दर वेळी आपल्या खिशातून किती भरायचे, हे योजनेगणिक बदलतं, तेव्हा कागद पाहिल्याशिवाय मी मत देणार नाही. सिम नसलेल्या टॅबला आयएमईआय, म्हणजे फोनला असतो तसा ओळख क्रमांक, नसतो. त्यामुळे बिलावर आणि प्रमाणपत्रावर सिरियल नंबर सारखाच आहे ना, तेवढं तपासा.

आता फोन. सर्व्हिस सेंटरनं नकार दिल्यापासून दोन वर्षांत तक्रार करायची असते, त्याच 2019 च्या कायद्याचं कलम 69. तुम्ही तेवढा काळ दुकानात फेऱ्या मारल्यात आणि फोन केलेत. त्यानं मुदत वाढत नाही. उशिराचं सबळ कारण असेल तर आयोग माफी देऊ शकतो, पण ‘दुकानदार उद्या या म्हणायचा’ हे कारण टिकेल असं मला वाटत नाही. तो विषय सोडा.

टॅबवरून पुढे वाद झालाच, तर खरेदी कोल्हापुरात झाली म्हणून तिकडे खेपा घालायची गरज नाही. 2019 च्या कायद्यानं तक्रारदार राहतो तिथल्या जिल्हा आयोगात दाद मागता येते, म्हणजे तुमच्यासाठी बेळगाव. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही आणि वकील लावायची सक्तीही नाही. दुकानदार, टॅबची कंपनी आणि हमी देणारी कंपनी अशा तिघांनाही पक्षकार करा, नाहीतर जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. मराठी कागद असतील तर त्यांचं इंग्रजी किंवा कन्नड भाषांतर जोडा. नोटीस पोचल्यापासून तीन महिन्यांत, वस्तूची तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल द्यायचा प्रयत्न व्हावा, असं कायदा म्हणतो. तारखांवर तारखा पडताना मी इतक्यांदा पाहिल्यात की त्या मुदतीवर तुम्हाला विसंबून ठेवणार नाही. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, तिथं मराठीतही बोलता येतं.

अटींचा कागद हाती आला की वगळलेल्या गोष्टींच्या पानाचा फोटो पाठवा. मात्र तिसाव्या दिवशी संध्याकाळी पाठवू नका, वाचायला एक दिवस तरी द्या.