पाणी भरले तरी होडी बुडू नये म्हणून

घरी बांधलेल्या लहान होड्यांत तरंगण्यासाठी काय भरावे, यावर पावसाळा संपताच बरीच पत्रे येतात. त्यांतल्या पाच प्रश्नांना इथे उत्तरे दिली आहेत.

11 फुटी प्लायवूडची होडी बांधली, बाहेरून फायबर मारला. अडीच हॉर्सपॉवरचे मशीन लावून मांडवीत दोघेजण फिरणार आहोत. थर्माकोल किती घालावा? (चोडण)

आधी वजने मांडा, मग लिटर ठरवा. सोपा हिशेब असा: पाण्याखाली गेलेली एक लिटर हवा किंवा फोम जवळजवळ एक किलो उचलतो. खाऱ्या पाण्यात थोडा जास्त, पण पावसाळ्यात मांडवीचे पाणी गोडे होते, म्हणून हिशेब गोड्या पाण्याचाच करावा.

तुमच्या मापाच्या होडीत प्लायवूड सुमारे 45 किलो, फायबर नि रेझिन मिळून 15 किलो आणि लोखंडी सामान 3 किलो धरू. होडी पाण्याने भरली की फायबरचे वजन तिसऱ्या हिश्श्यावर येते, म्हणजे 5 किलो. लोखंड जवळजवळ तेवढेच राहते. दोन्ही मिळून 8 किलो. मशीनचे 18 किलो पुरे धरा, कारण त्याचा वरचा भाग पाण्याबाहेर राहिला पाहिजे. माणसे भरलेल्या होडीत छातीभर पाण्यात बसली तर अंगाचा बराचसा भार पाणीच घेते. तरी 75 किलोच्या माणसामागे 30 किलो धरावेत, दोघांचे 60. एकूण झाले 86.

प्लायवूड स्वतः तरंगते. तुमचे 45 किलो प्लाय कोरडे असताना 30 किलो उचलेल. पण दोन-तीन पावसाळे काढलेले प्लाय पाणी पिते, त्यामुळे यातली निम्मीच उचल, म्हणजे 15 किलो, हिशेबात घ्या. राहिले 71. त्यावर चौथा हिस्सा राखीव ठेवला की जवळपास 90 लिटर.

थर्माकोलची शीट सहसा एक मीटर बाय अर्धा मीटर मिळते. दोन इंची, म्हणजे 50 मिलिमीटर जाडीच्या शीटमध्ये 25 लिटर येतात. चार शीट घेतल्या की 100 लिटर झाले. दुकानात शीट हातात घेऊ नका, काट्यावर ठेवा. या मापाची शीट 400 ते 500 ग्रॅम भरली पाहिजे. 200-250 ग्रॅमची शीट सजावटीची. तिचे दाणे सैल असतात, त्यांच्या फटींतून पाणी आत शिरते आणि होडी हलली की कडा झडतात.

शीट लांबीत मधोमध कापल्या की एक मीटर लांब आणि 25 सेंटीमीटर रुंद अशा आठ पट्ट्या होतात. तीन-तीन पट्ट्या एकावर एक रचून दोन्ही बाजूंच्या बाकांखाली घाला. उरलेल्या दोन अर्ध्या-अर्ध्या करून मशीनच्या दोन्ही कोपऱ्यांत द्या. मागे काही घातले नाही तर मशीनचा भार होडीची शेपटी खाली ओढतो, नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, आभाळाकडे जाते आणि धरायला हाताशी फक्त नाळ उरते.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे फायबरचे नेहमीचे पॉलिएस्टर रेझिन उघड्या थर्माकोलला लागू देऊ नका. त्यातल्या स्टायरीनने थर्माकोल विरघळतो आणि बघता बघता तिथे खड्डा पडतो. पेट्रोलने तेच होते, सनमायका चिकटवायच्या पिवळ्या रबरी गोंदानेही तेच. एपॉक्सीने होत नाही, पण ते बरेच महाग पडते. स्वस्तातला उपाय म्हणजे प्रत्येक गठ्ठा जाड, 200 मायक्रॉनच्या पॉलिथिनमध्ये गुंडाळून कडा पॅकिंग टेपने बंद करायच्या. बाकाखालच्या कप्प्याच्या तळाला, होडीच्या आतल्या बाजूने, भोक ठेवा, नाहीतर आत शिरलेले पाणी तिथेच साचून प्लाय कुजवते. पॉलिथिन पेट्रोलपासून फार काळ वाचवत नाही, म्हणून टाकी आणि थर्माकोल एका कप्प्यात नकोत.

मशीन लावायचे ठरलेच आहे, तर नोंदणीची चौकशी गोवा सरकारच्या कॅप्टन ऑफ पोर्ट्सच्या कार्यालयात आधीच करून घ्या.

जेटीवर मासळीच्या थर्माकोलच्या पेट्या फुकट मिळतात. तळाच्या फळ्यांखाली बसवल्या तर जागाही वाचेल. चालेल का? (शिवोली)

पेट्या चालतील, जागा चालणार नाही.

तळाशी भरलेला फोम होडी रिकामी असताना त्रास देत नाही. पाणी भरले की मात्र तो खालून वर यायला धडपडतो, माणसांचा नि मशीनचा भार वर असतो, आणि होडी पालथी होते. पालथ्या होडीला पकडायला काठ सापडत नाही. फोम काठाच्या जितका जवळ आणि दोन्ही बाजूंना जितका दूर, तितकी भरलेली होडी सरळ राहते. म्हणून बाकाखाली, काठाला लागून, तळापासून वर उचललेला भरणा हवा. पायांखालची जागा पाणी उपसायला मोकळी ठेवा.

पेटी निवडताना बोटाने दाबून बघा. कोपरा चुरचुरून दाणे सुटत असतील तर घेऊ नका. बर्फाच्या पाण्यात बरेच दिवस काढलेली पेटी पाणी धरते. आठवडाभर सावलीत वाळवा आणि आधी-नंतर वजन करा. वजन चांगलेच उतरले तर ती पेटी पाणी पिणारी आहे. पेटी आख्खी बसवण्यात अर्थ नाही, कारण आतली पोकळी पाण्याने भरते. उचल मिळते ती फक्त भिंतींची. कापून सपाट तुकडे करा, धुवा, वाळवा आणि वर सांगितल्याप्रमाणे गुंडाळा. उघडा ठेवलात तर मुंग्या त्यात घर करतात, आणि सुटलेले दाणे खाजणात नि कांदळवनात जाऊन अडकतात. ते कुणालाही वेचता येत नाहीत. पेटी कापायची ती घरी, जुन्या चादरीवर, नदीकाठी नको.

तळपण नदीत वल्ह्याने चालवायची छोटी होडी आहे, मशीन नाही. प्लास्टिकच्या बाटल्या भरू की कॅन? (काणकोण)

दोन्ही चांगले, आणि तुमच्या कामाला बहुधा सर्वांत स्वस्त. बिसलेरीसारख्या पाण्याच्या बाटल्या मात्र नकोत, त्यांची भिंत फारच पातळ. सोड्याच्या, कोल्ड्रिंकच्या दोन लिटरच्या बाटल्या घ्या. त्या आतला दाब सोसण्यासाठीच बनवलेल्या असतात. झाकण पहाटे, हवा थंड असताना घट्ट लावा. दुपारच्या उन्हात लावले तर रात्री आतली हवा आकसते, बाटली पिचकते आणि तेवढी उचल जाते. 60 लिटर हवे असतील तर 30 बाटल्या. पण गोल बाटल्यांमध्ये फटी राहतात, म्हणून कप्पा 90 लिटरच्या आसपासचा लागेल.

बाटल्या सुट्या टाकू नका. लाटेवर त्या एकमेकींवर घासतात आणि काही महिन्यांत बारीक भोके पडतात. कांद्याच्या जाळीच्या पोत्यात गच्च भरून तोंड शिवा. एखादी फुटली तरी दोनच किलोंचे नुकसान, हा बाटल्यांचा मोठा गुण. 20 लिटरचा कॅन फुटला तर एकदम 19 किलो गेले.

कॅन घ्यायचाच तर खाद्यतेलाचा घ्या. कीटकनाशकाचा किंवा ॲसिडचा कितीही धुतला तरी नको. कॅनचे प्लास्टिक कुठल्याही गोंदाला धरत नाही, म्हणून तो पट्ट्यानेच बांधावा लागतो. आणि बांधताना दिशा लक्षात घ्या: होडी भरली की कॅन वर उसळतो, खाली बसत नाही. 19 किलोंचा तो ओढा पट्ट्याच्या स्क्रूंवर येतो. अर्ध्या इंची स्क्रू प्लायमधून सरळ उपटून येतात. आरपार बोल्ट घाला, मागे मोठा वॉशर.

मिस्त्री म्हणतात, दोन बाटल्यांतले, मिसळले की फुगणारे पीयू (पॉलियुरेथेन) फोम ओता, सगळे कप्पे भरून निघतील. दार-खिडक्यांचा स्प्रे फोम त्याहून सोपा नाही का? (फोंडा)

स्प्रे फोम नकोच. तो हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो. खोल कप्प्यात वरची साय बनते आणि आतला भाग चिकट राहतो. शिवाय पुढे पाणीही शोषतो.

दोन भागांचा पीयू फोम काम देतो. मिश्रण एक किलो असेल तर साधारण 25 लिटर फुगते. पण तो लाकडाला असा चिकटतो की मागे पाणी शिरले तर बाहेर निघायला वाटच नाही. फोमही वर्षानुवर्षे ओलावा घेत राहतो. प्लायच्या होडीत ही जोडी वाईट. बाहेरून रंग चांगला दिसतो आणि आतून फळी बोटाने खुपसता येते, तेव्हा उशीर झालेला असतो. प्लायच्या होडीसाठी आमचा कौल काढून बघता येणाऱ्या गठ्ठ्यांना आहे.

पूर्ण फायबरच्या होडीत ओतायचाच असेल तर एका वेळी एक किलोपेक्षा जास्त मिश्रण नको. मोठ्या ओतीत आतला गाभा इतका तापतो की करपतो, पेटूही शकतो. आधीची ओत हाताला थंड लागल्यावरच पुढची. कप्प्याला वर फुगवटा बाहेर येईल एवढे तोंड ठेवा. बंद कप्पा हमखास फाटतो. उघड्यावर, हातमोजे आणि रसायनाच्या वाफेचा मास्क लावून काम करा. जून-जुलैच्या दमट हवेत हे काम घेऊ नये, कारण यातला एक भाग पाण्याशीही फसफसतो आणि फोम बिघडतो.

पूर्वी उलांडीला (होडीशेजारी दांड्यांनी बांधलेल्या तरंगत्या ओंडक्याला) पांगाऱ्याचे लाकूड वापरायचे. आज होडीत तेच भरले तर? (पेडणे)

वाळलेला पांगारा फार हलका असतो, लिटरमागे 300 ग्रॅमच्या आसपास. म्हणजे लिटरला 700 ग्रॅम उचल. थर्माकोलपेक्षा दीडपट जागा लागेल. उलांडी वर काढून वाळवता येते, बंद कप्प्यातला ओंडका वाळत नाही, पाणी पीत जातो. कप्प्यात घालू नका. उलांडीला मात्र तो आजही उत्तमच.

काहीही भरले तरी होडी पाण्यात नेण्याआधी एकदा मुद्दाम बुडवून बघा. शांत, कमरेएवढ्या पाण्यात, ओहोटी थांबलेली असताना, मशीन न लावता. मशीनच्या जागी किराणा दुकानातली लोखंडी वजने बांधा, 20 किलो. पाण्याने भरलेले कॅन ठेवू नका, पाण्याखाली त्यांचे वजन शून्य होते. दगडही जवळजवळ चाळीस टक्के हलका होतो. मग बादलीने होडी काठोकाठ भरा आणि दोघे आत बसा. दोन्ही काठ पाण्याबाहेर किंवा पाण्याला समान लागले पाहिजेत. एक बाजू झुकली तर त्या बाजूचा गठ्ठा कमी पडतोय. मागचा भाग बुडाला तर कोपऱ्यांत अजून अर्धी-अर्धी पट्टी घाला आणि पुन्हा भरून बघा.