जर्मनीत माइन्झला जाणाऱ्या भावासाठी वाइनचं चार शब्दांत

दिवाळीत ओट्यावर बसलो असताना तू विचारलं होतं, "दादा, तिकडे कोणी जेवायला बोलावलं तर वाइन न्यावी लागते म्हणतात. पैसे तर मोजकेच राहतील. कोणती घेऊ?" आत बाबा जेवत होते, म्हणून तेव्हा मी विषय बदलला. आता सांगतो.

आपला वर्धा जिल्हा दारूबंदीचा. तरी चोरून येणाऱ्या बाटलीपायी मोडलेली घरं आपण दोघांनी पाहिली आहेत. म्हणून आधी हे ऐक: प्यायची नसेल तर पिऊ नको. "मी घेत नाही" एवढं सांगितलं की पुरतं, माझ्यावर तरी तिथे कोणी जबरदस्ती केली नाही. पण न्यायची ती बाटली नीट ने.

माइन्झ आहे राइनहेसेनमध्ये, जर्मनीतल्या सगळ्यात मोठ्या द्राक्षपट्ट्यात. फ्रान्सच्या नावावर पैसे घालू नको. बाटली फिरवून मागचं लेबल वाच. 'गुट्सआबफ्युलुंग' म्हणजे शेतकऱ्याने स्वतःच्या मळ्यातल्या द्राक्षांची वाइन स्वतःच भरली. 'एर्झॉयगरआबफ्युलुंग'ही चांगलं, त्यात शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थाही येतात. नुसतं 'आबफ्युलर' असेल तर माल कुणाचा, भरणारा कुणी. खेडा खरेदीत गेलेल्या आपल्या कापसाचं होतं तेच, गाठीवर शेतकऱ्याचं नाव कुठे राहते?

'ट्रोकन' म्हणजे गोडवा जवळजवळ नाही, 'हाल्बट्रोकन' मधली, 'लीब्लिश' गोड. झणझणीत रश्शासोबत हाल्बट्रोकन रीझलिंग घे, ती पांढऱ्या द्राक्षांची वाइन. कडक लाल वाइनने तिखट आणखी झोंबते.

आता पैशाचं. दोन युरोची बाटली असो की सहाची, काच, झाकण, लेबल, गाडीभाडं जवळपास तेवढंच. त्यामुळे वरच्या दोन-तीन युरोंतला बराचसा पैसा खरोखर वाइनमध्ये जातो. मी पाच-सहा युरोंवर थांबतो. साध्या वाइनवर तिथे वेगळा दारूकर नाही, पण फेसाळणाऱ्या झेक्टच्या पाऊण लिटरमागे १.०२ युरो कर आहे. २.९९ च्या झेक्टमधून तो आणि १९ टक्के व्हॅट काढला की उरतात दीड युरो, त्यातच काच आणि दुकानदाराचा नफा. ती घेऊच नको. घरच्यासाठी शेतकऱ्याची लिटरची बाटली परवडते, भेट द्यायला पाऊण लिटरचीच ने.

सप्टेंबर-ऑक्टोबरात फेडरवायसर मिळते, अजून आंबत असलेला द्राक्षरस. सकाळची नीरा उन्हं चढता कशी फसफसते, तशी. झाकण मुद्दाम सैल असते, वायू निघावा म्हणून. कान लावला तर सूं ऐकू येते. बाटली उभीच धर, आडवी केली की पिशवी ओली.

आणि एखाद्या रविवारी श्ट्राउसविर्टशाफ्टमध्ये जा. वर्षातले काही महिने शेतकरी आपल्याच अंगणात वाइन विकतात, दारावर झाडू नाहीतर फांद्यांची जुडी टांगलेली असते. माझ्या पहिल्या खेपेला मी म्हातारबांना विचारलं, औंदा पीक कसं? ते मला मळ्यात घेऊन गेले, गारपिटीने फाटलेली पानं उलटून दाखवली, मग आपली काळी माती किती खोल आहे ते विचारलं. आजही मी त्यांच्याकडूनच घेतो, साडेपाच युरोला बाटली. पत्ता तू पोचलास की देतो.