नववी-दहावीच्या मुलांना पटवून देणारं लेखन कसं शिकवावं?

विषय ओळखीचा द्या. जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल या केळीच्या पट्ट्यात 'केळीला ठिबक सिंचन सक्तीचं करावं का?' हा उत्तम, कारण दोन्ही बाजूंची माणसं घरातच सापडतात. आधी एका वाक्यात भूमिका. मग दावा, पुरावा आणि पुराव्याचा दाव्याशी संबंध. मुलं अडतात ती या तिसऱ्या भागात. 'ठिबकनं पाणी वाचतं' एवढं लिहून थांबतात, पण त्यासाठी सक्तीच का, हे राहून जातं. तिथं समासात 'मग काय?' एवढंच लिहा, उत्तर पुरवू नका.

विरोधी मुद्दा सर्वांत बळकट निवडायला लावा (इथं ठिबक संचाचा खर्च). लेचापेचा मुद्दा खोडला तर कुणालाच पटत नाही. आणि सुविचारानं सुरुवात करायची सवय पहिल्याच कच्च्या लेखनात मोडा, नंतर ती जात नाही.