भावाला औषध-चाचणीत घ्यावं का? आधी लिथियमचं विचारा

ताई, साताऱ्यातल्या तुमच्या भावाला चार वर्षं लिथियम (मूड जाग्यावर ठेवणारं औषध) चालू आहे, पुण्यात बायपोलरच्या (मूड कधी फार चढतो, कधी नैराश्यात उतरतो, त्या आजाराच्या) एका औषध-चाचणीत घेऊ म्हणतायत आणि ‘डमी गोळी देऊन प्रयोग करतील’ म्हणून आई घाबरलीय, असं तुम्ही लिहिलंय. आम्ही सांगलीकर. माझ्या मिस्टरांना हा आजार चौदा वर्षं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आईंना सांगा, डमी म्हणजे आत औषध नसलेली गोळी, पण ती दिली म्हणजे दरवेळी आधीचं औषध बंद असं नसतं. अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या अभ्यासात (निकाल 2007) नैराश्यात असलेल्या 366 जणांचं मूड सांभाळणारं औषध चालूच ठेवलं होतं. त्यावर काहींना नैराश्याची गोळी दिली, काहींना डमी. टिकून बरे झाले ते गोळीवाल्यांत 23.5 टक्के आणि डमीवाल्यांत 27.3 टक्के. म्हणजे वरून दिलेल्या गोळीने फायदा दिसलाच नाही. कुणीतरी डमी घेतली म्हणूनच हे कळलं. त्याच अभ्यासाच्या दुसऱ्या भागात औषधांबरोबर नियमित समुपदेशन मिळालेले वर्षभरात 64 टक्के बरे झाले, मोजक्याच भेटी मिळालेले 52 टक्के. हे आकडे मला फार धीर देतात, कारण त्या समुपदेशनाचा एक प्रकार घरच्यांना सोबत बसवून करायचा होता.

पण तुमचा खरा प्रश्न वेगळा आहे : चाचणीसाठी त्याचं लिथियम थांबवणार का? थांबवणार असतील तर किती दिवसांत कमी करत नेणार, आणि मूड चढायला लागला तर रात्री फोन कोण उचलणार? लिथियम एकदम तोडलं की आजार उलटण्याचा धोका वाढतो, हळूहळू कमी केलं तर तो कमी राहतो. आम्ही हे भोगलंय. ‘आता बरंय’ म्हणून मिस्टरांनी स्वतःच गोळ्या सोडल्या. तिसऱ्या आठवड्यात झोप गेली, आणि मार्केट यार्डात जाऊन ऐपतीबाहेरचे हळदीचे सौदे करून आले. ते निस्तरायला दोन हंगाम गेले. भाऊ लिथियमवर स्थिर असेल तर ते काढून घेणाऱ्या चाचणीत मी तरी माझ्या माणसाला घालणार नाही. लिथियमवर भर म्हणून दुसरं काही देणार असतील तर मात्र जरूर विचार करा.

चाचणीची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत आहे का ते बघा. 2009 पासून ती सक्तीची आहे. चाचणीमुळे त्रास झाला तर उपचाराचा खर्च कोण करणार, ते लेखी घ्या. मधूनच बाहेर पडायचा हक्क त्याला आहे, आणि त्यामुळे नेहमीचे उपचार अडत नाहीत.

संमतीपत्र मराठीत मागून घरी आणा. सही भावानेच करायची, पण सध्या त्याची झोप कमी झाली असेल, बोलणं वाढलं असेल, तर आत्ता नको. मूड जाग्यावर आला की त्यालाच ते मोठ्याने वाचायला सांगा आणि आईंना शेजारी बसवा.