मानसशास्त्राच्या पहिल्याच अभ्यासक्रमात नेमकं काय पक्कं करावं?

तुम्ही विचारलंय की पुस्तक जाडजूड आहे, प्रत्येक धड्यात ठळक अक्षरांतले पंचवीस-तीस शब्द आहेत, परीक्षेला दोन महिने उरलेत. तर यातल्या कोणत्या संकल्पना खरंच कळल्या पाहिजेत, आणि मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याच्यावर किती वेळ घालवायचा. मी हा विषय पदवीला घेतला होता, पुढे काही वर्षं पहिल्या वर्षाच्या मुलांच्या शिकवण्याही घेतल्या. तेवढ्या अनुभवावर सांगतो.

या विषयात दगा देतात ते ओळखीचे शब्द. रसायनशास्त्रात 'मोल' आला की आपण सावध होतो, कारण घरात तो कुणी त्या अर्थाने वापरत नाही. इथे स्मृती, शिक्षा, बुद्धी, प्रेरणा, नैराश्य, सगळे रोजच्या बोलण्यातले. वाचताना मान डोलते, 'हे तर माहीतच होतं' असं वाटतं, आणि पेपरात चार पर्याय समोर आले की चारही बरोबर दिसतात. म्हणून माझा सल्ला एकच: शब्द जितका ओळखीचा, तितका त्याच्यावर संशय घ्या आणि रोजचा अर्थ कुठे सुटतो ते शोधा.

माझंच घ्या. पहिल्या सत्रात 'ऋण प्रबलन म्हणजे काय? उदाहरण द्या' असा चार गुणांचा प्रश्न आला. मी झोकात लिहिलं: मुलगा खोटं बोलला, वडिलांनी कानाखाली वाजवली, हे ऋण प्रबलन. चारपैकी शून्य. 'ऋण' म्हणजे काहीतरी वाईट, हे मी मनाशी धरूनच बसलो होतो. इथे ऋण म्हणजे फक्त वजाबाकी: काहीतरी काढून घेतलं. आणि प्रबलन म्हणजे वर्तन वाढलं. गाडीत पट्टा लावला नाही की टुंग-टुंग वाजत राहतं. पट्टा लावता, आवाज बंद होतो, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही बसल्या बसल्या पट्टा ओढता. आवाज गेला म्हणून ऋण, पट्टा लावणं वाढलं म्हणून प्रबलन. यात शिक्षा कुठेच नाही.

दर वेळी दोनच प्रश्न विचारा: काही दिलं (धन) की काढलं (ऋण)? वर्तन वाढलं (प्रबलन) की घटलं (शिक्षा)? चार खाने तयार होतात आणि कुठलंही उदाहरण त्यातल्या एकात बसतं. मराठीत एक जादा गंमत आहे. 'धन शिक्षा' म्हटलं की डोळ्यांपुढे दंडाची पावती येते. पण दंड ही ऋण शिक्षा, कारण पैसे काढून घेतले. कानाखाली दिली ती धन शिक्षा, अर्थात त्यानंतर खोटं बोलणं खरोखर कमी झालं तरच. आता हे सोडवून बघा: मूल मोबाइलसाठी किंचाळतंय, आई वैतागून मोबाइल देते, किंचाळणं थांबतं. मुलाला मोबाइल मिळाला, म्हणजे धन प्रबलन. ते पुन्हा किंचाळणार. आईची किंचाळण्यातून सुटका झाली, म्हणजे ऋण प्रबलन. ती पुन्हा मोबाइल देणार. एकाच क्षणात दोघंही शिकली. हे उदाहरण स्वतःच्या शब्दांत मांडता आलं तर अध्ययनाचा, म्हणजे शिकण्याचा, अर्धा धडा झाला.

उरलेला अर्धा पावलोवचा. तो मुळात पचनसंस्थेचा अभ्यासक, १९०४चं नोबेल त्याला त्याच कामासाठी मिळालं. अन्नाची चाहूल लागताच सुटणारी कुत्र्यांची लाळ हे त्या कामातून निघालेलं प्रकरण. अभिजात अभिसंधान (पावलोवचं) आणि साधक अभिसंधान (स्किनरचं, वर आलेल्या प्रबलन-शिक्षेचं) यांत गोंधळ झाला तर एवढंच विचारा: प्राण्याने काही केलं म्हणून ते मिळालं, की त्याने काही केलं नसतं तरी मिळणारच होतं? पावलोवच्या कुत्र्याला अन्न मिळणारच होतं. स्किनरच्या उंदराला अन्नासाठी कळ दाबावी लागत होती.

खरं तर सुरुवात संशोधनपद्धतीच्या धड्यापासून करायला हवी. तो रुक्ष असतो म्हणून सगळे उड्या मारून पुढे जातात आणि मग प्रत्येक धड्यात ठेच खातात. त्यातल्या दोन गोष्टी घट्ट धरा. एक, सहसंबंध (दोन गोष्टी एकमेकींसोबत बदलणं) म्हणजे कार्यकारण नव्हे. हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं, वापरता कुणालाच येत नाही. ज्यांच्या उशाशी औषधं जास्त, ती माणसं जास्त आजारी असतात. म्हणून औषधं फेकून दिली तर बरी होतील का? (आणि सहसंबंध उणे १ ते अधिक १ असा मोजतात; त्यात उणे ०.८ हा अधिक ०.५ पेक्षा दणकट असतो. चिन्ह फक्त दिशा सांगतं.) दोन, यादृच्छिक निवड आणि यादृच्छिक विभागणी. कोणाला अभ्यासात घ्यायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं तर निष्कर्ष इतरांनाही लागू करता येतो; घेतलेल्यांपैकी कोणाला कुठल्या गटात टाकायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं तर 'यामुळे ते झालं' असं म्हणता येतं. शिकवणीत यावर मी दर वर्षी प्रश्न घालायचो आणि दर वर्षी निम्मा वर्ग चुकायचा.

मेंदूच्या धड्यात भागांची नावं पाठ करण्याला पर्याय नाही, ती करा. 'आपण मेंदूचा दहाच टक्के वापर करतो' हे डोक्यातून काढून टाका. वेदन (इंद्रियांनी माहिती घेणं) आणि संवेदन (मेंदूने तिचा अर्थ लावणं) यांची मराठी नावं पुस्तकागणिक बदलतात, म्हणून नावापेक्षा फरक लक्षात ठेवा: पट्टीने मोजून दोन रेषा सारख्या आहेत हे कळल्यावरही म्युलर-लायरच्या आकृतीत एक लांबच दिसते. डोळ्यांनी आणलेला माल ठीकच असतो, अर्थ लावताना घोळ होतो.

स्मृतीच्या धड्याला मात्र वेळ द्या. 'माझी अल्पकालीन स्मृती खराब आहे, काल कुणाचा फोन आला होता आठवत नाही' असं लोक म्हणतात. मानसशास्त्राच्या हिशेबात कालचा फोन ही दीर्घकालीन स्मृती. अल्पकालीन म्हणजे काही सेकंदांचा मामला: कुणी आकडा सांगितला, तुम्ही तो पुटपुटत कागद शोधताय, मध्ये कुणी हाक मारली आणि आकडा गेला. हा फरक पुस्तकी नाही, हे हेन्री मोलेसनकडे पाहिलं की पटतं. अपस्माराचे झटके थांबावेत म्हणून १९५३मध्ये, त्याच्या वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस (नव्या आठवणी पक्क्या करणारा भाग) आणि आजूबाजूचा भाग मोठ्या प्रमाणात काढून टाकला. त्यानंतर तो नीट बोलायचा, आकडा मनात घोळवत राहिला तर धरूनही ठेवायचा, पण माणूस खोलीबाहेर जाऊन परत आला की त्याच्यासाठी नवाच. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नरने त्याला आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला दिली. आरशात डावं-उजवं फसतं, पेन्सिल भलतीकडेच जाते. तीन दिवस सराव झाला. रोज तो म्हणायचा की मी हे कधी केलेलं नाही, आणि रोज त्याच्या चुका कमी होत होत्या. हाताला आठवत होतं, त्याला आठवत नव्हतं. 'घोषित' (सांगता येणारी) आणि 'प्रक्रियात्मक' (कौशल्याची) स्मृती या कोरड्या जोडीमागे ही चांदणी आहे.

दुसरा प्रयोग लॉफ्टस आणि पामर यांचा, १९७४चा. गाड्यांच्या अपघाताची चित्रफीत दाखवली आणि वेग विचारला. प्रश्नात गाड्या नुसत्या 'धडकल्या' असं असेल तर सरासरी अंदाज ताशी ३४ मैल. 'आदळून चक्काचूर झाल्या' अशा अर्थाचं क्रियापद असेल तर चाळीसच्या थोडं वर. दुसऱ्या फेरीत आठवड्याने विचारलं, फुटलेली काच दिसली का? चक्काचूरवाल्या ५० पैकी १६ जण हो म्हणाले, धडकल्यावाल्या ५० पैकी ७. चित्रफितीत काच फुटलेलीच नव्हती. विचारणाऱ्याचं क्रियापद साक्षीदाराच्या आठवणीत जाऊन बसलं.

अनुवंशिकतेच्या टक्केवारीत भलेभले फसतात. उंचीची अनुवंशिकता ऐंशी टक्क्यांच्या आसपास सांगतात, याचा अर्थ तुमच्या उंचीतले ऐंशी टक्के सेंटिमीटर आईबापांकडून आले असा नाही. ठरावीक लोकसमूहात माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला किती भाग जनुकांतल्या फरकामुळे, एवढंच तो आकडा सांगतो. एकट्या माणसाबद्दल तो काहीच बोलत नाही.

सामाजिक मानसशास्त्र वाचायला सगळ्यात मजेदार, म्हणून तिथे आधी न जाणं बरं. डार्ली आणि लाताने यांचा १९६८चा प्रयोग चोख समजून घ्या: पलीकडच्या खोलीतल्या माणसाला अपस्माराचा झटका आल्याचा आवाज ऐकू येतो. आपण एकटेच ऐकतोय असं वाटणाऱ्यांपैकी ८५ टक्के लोक झटका ओसरायच्या आत मदतीला उठले. आणखी चौघं ऐकतायत असं वाटणाऱ्यांपैकी फक्त ३१ टक्के. याला 'माणुसकी उरली नाही' असं उत्तरपत्रिकेत लिहू नका, गुण जातात. माणसं तशीच होती, जबाबदारी सगळ्यांत विभागली गेली. आणि परिस्थितीचा हा प्रभाव विसरून दुसऱ्याच्या वागण्याचं खापर थेट त्याच्या स्वभावावर फोडणं म्हणजे मूलभूत कारणारोपण प्रमाद.

एक सावधगिरी. २०१५मध्ये संशोधकांच्या मोठ्या गटाने मानसशास्त्रातले शंभर अभ्यास पुन्हा करून पाहिले, तेव्हा जेमतेम ३६ टक्क्यांत सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय निकाल पुन्हा मिळाला. तुमचं पुस्तक जुन्या आवृत्तीचं असेल आणि १९७१च्या स्टॅनफर्ड तुरुंग प्रयोगाचं (विद्यार्थ्यांना पहारेकरी आणि कैदी बनवलं होतं) नुसतं कौतुक करत असेल, तर त्यावरची टीका वेगळी शोधून वाचा.

विकारांच्या धड्यात प्रत्येक विकार स्वतःत दिसू लागेल. घाबरू नका, सगळ्यांचंच होतं. तिथेही रोजचा शब्द घात करतो: चार दिवस उदास वाटणं आणि नैराश्याचं निदान वेगळं. निदानाला नऊपैकी किमान पाच लक्षणं, किमान दोन आठवडे, बहुतेक रोज, आणि त्यांत उदासी किंवा रस उडणं यांपैकी एक हवंच.

अभ्यास कसा करायचा हेही याच विषयात सापडतं. रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६मध्ये एका गटाला उतारा परत वाचायला लावला, दुसऱ्याला तो न बघता लिहून काढायला. पाच मिनिटांनी परत वाचणारे पुढे होते. आठवड्याने त्यांना ४२ टक्के आठवत होतं, लिहिणाऱ्यांना ५६. तेव्हा ठळक शब्दांवर पिवळी पेन्सिल फिरवणं थांबवा. पुस्तक मिटा आणि ऋण प्रबलनाचं नवं उदाहरण कागदावर उतरवा.

राहिला फ्रॉइड. एक संध्याकाळ पुरे. आजच्या अभ्यासक्रमात त्याची जागा बरीचशी इतिहासाची आहे, तरी इदम्-अहम्-पराहम् (त्याने मानलेले मनाचे तीन भाग: इड, इगो, सुपरइगो) आणि संरक्षण यंत्रणा (नकोशा भावनांपासून मनाने स्वतःला वाचवायच्या युक्त्या) विचारतात, त्याही प्रसंग देऊन. सगळ्यात जास्त गल्लत प्रक्षेपण आणि विस्थापन यांत होते. साहेबांचा राग घरी येऊन धाकट्या भावावर काढला तर विस्थापन. राग तुम्हालाच आलाय, तो मान्य होत नाही आणि 'साहेबच माझ्यावर डूख धरून आहेत' असं वाटू लागलं, तर प्रक्षेपण.