ॲपवर हवं ते गाणं मिळत असताना लोकल रेडिओ का ऐकायचा?

तुम्ही विचारलंय की ॲप असताना लोकल एफएमवरची सरमिसळ गाणी ऐकण्यात मजा काय आणि तिथेही तीच तीच गाणी वाजतात त्याचं काय करायचं. मी रोज ऐकते म्हणून लिहिते.

आधी तक्रारीचं बघू, ती खरी आहे. पण हे काही चुकून होत नाही, मुद्दाम तसं ठेवलेलं असतं. १९५० च्या दशकात अमेरिकेत ओमाहाला टॉड स्टॉर्झ नावाच्या स्टेशनवाल्याने 'टॉप ४०' पद्धत रुळवली, मोजकीच हिट गाणी घ्यायची आणि दिवसभर फिरवायची. किस्सा असा सांगतात की गिऱ्हाईकांनी हॉटेलातल्या ज्यूकबॉक्सवर (नाणं टाकलं की हवं ते गाणं वाजवणारं मशीन) दिवसभर लावलेलं तेच गाणं वेट्रेस काम संपल्यावर स्वतःच्या पैशाने परत लावत होती, ते बघून स्टॉर्झची ट्यूब पेटली. खरं-खोटं देव जाणे, धंदा मात्र जोरात चालला. आता तर सॉफ्टवेअरच ठरवतं, नवीन हिट किती तासांनी परत यायचं, एकाच गायकाची दोन गाणी किती अंतराने लावायची, सगळं आधीच भरलेलं.

म्हणून वेळ बदलून बघा. सकाळी ऑफिसला जायच्या आणि संध्याकाळी परतायच्या वेळेला सगळ्यात जास्त लोक ऐकतात, जाहिरातींचा खरा पैसा तेव्हाच, त्यामुळे स्टेशनवाले रिस्क घेत नाहीत. रात्री उशिरा किंवा सुट्टीच्या दिवशी जरा सैल सोडतात, फर्माइशी घेतात, आणि मग कुठलं तरी विसरलेलं गाणं असं काही मध्येच येतं की हातातलं काम थांबतं. ॲप मला माझ्याच आवडीचं अजून थोडं देतं, इथे दुसऱ्या कोणाची तरी आवड कानावर पडते आणि त्यात चार गाणी टुकार निघाली तरी चालतं मला.

अजून एक गंमत, साठ सालचं मोनो रेकॉर्डिंग आणि कालचं दणदणीत गाणं लागोपाठ वाजलं तरी आवाज कमी-जास्त करावा लागत नाही, कारण स्टेशनवर प्रोसेसर बसवलेला असतो, तो बारीक आवाज वर उचलतो आणि मोठा दाबतो. जाणकार याला नावं ठेवतात (गाणं सपाट होतं म्हणे, आणि होतंच थोडं), पण सरमिसळ गाणी एका दमात ऐकता येतात ती यामुळेच. आणि मुरलेला आरजे असेल तर नीट लक्ष द्या, सुरुवातीच्या म्युझिकवर बोलत राहतो आणि गायकाचा पहिला शब्द यायच्या अगदी आधी गप्प! ते जमायला हात बसावा लागतो.

स्टेशन शोधताना ऑटो स्कॅनवर विसंबू नका, तो जोरदार सिग्नललाच थांबतो आणि कम्युनिटी रेडिओसारखी (कॉलेजं, संस्था आपल्या परिसरापुरती चालवतात ती) कमी पॉवरची स्टेशनं, जिथे खरं वैविध्य सापडतं, ती सरळ गाळून पुढे जातो. ८७.५ पासून १०८ पर्यंत हातानेच हळूहळू सरकवा. मोबाइलवर एफएम असेल तर वायरवाला हेडफोन लावा, ती वायरच अँटेनाचं काम करते, गुंडाळून ठेवलीत तर खरखरच ऐकू येईल.